बोट बुडाली नसती तर

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी हिशेबाचे वाचन झाले की कोणीतरी चार शब्द बोलावेत, असा आपल्या मंडळाचा प्रघात आहे. आजवर या जागेवरून आपण संतचरित्रे ऐकली, मुलांच्या आहाराविषयी ऐकले, मृत्युपत्र कसे करावे हेही ऐकले. यंदा माझी पाळी आली. मी विषय सांगितला, तेव्हा चिटणीसबाई हसून म्हणाल्या, "पुसदला बसून तुम्ही आगबोटीवर काय बोलणार?"

त्यांचे हसणे वाजवी होते. आपल्या यवतमाळ जिल्ह्याला समुद्र नाही. एका अंगाने वर्धा वाहते, दुसऱ्या अंगाने पैनगंगा, आणि गावाशेजारी आपली पूस. एवढेच आपले पाणी. आपल्यापैकी पुष्कळ जणींनी आगबोट पाहिली ती चित्रात किंवा सिनेमात. तरीही हा विषय मी घेतला, याला एक कारण घडले.

गेल्या श्रावणात आपल्या वाचनवर्गात 'टायटॅनिक' बोटीची गोष्ट निघाली होती. आईबरोबर आलेली एक लहान मुलगी मध्येच म्हणाली, "आजी, ती बोट बुडालीच नसती तर?" मी सहज उत्तर दिले, "तर पंधराशे माणसे वाचली असती." ती म्हणाली, "एवढंच?"

त्या 'एवढंच' या शब्दाने मला पुढे कित्येक दिवस स्वस्थ बसू दिले नाही. मग मी या विषयावर जे मिळेल ते वाचीत गेले. वाचता वाचता मला अशा काही गोष्टी कळल्या की, ज्यांचा संबंध समुद्राशी थोडा आणि आपल्याशी फार आहे. त्याच आज सांगावयाच्या आहेत.

प्रथम घडले ते थोडक्यात सांगते. १० एप्रिल १९१२ रोजी 'टायटॅनिक' इंग्लंडातील साउदम्प्टन बंदरातून अमेरिकेस जाण्यास निघाली. तिची ती पहिलीच सफर. १४ एप्रिलच्या रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी ती हिमनगावर घासली, आणि १५ एप्रिलच्या पहाटे २ वाजून २० मिनिटांनी तळाशी गेली. बोटीवर सुमारे २,२०० माणसे होती. जीव वाचविण्याच्या होड्या होत्या २०, आणि त्यांत जागा होती १,१७८ माणसांची. म्हणजे एकही होडी रिकामी गेली नसती, तरी सुमारे हजार माणसांना जागा मिळण्याजोगी नव्हतीच. प्रत्यक्षात पहिली होडी खाली सोडली तीत ६५ जणांची जागा असून अठ्ठावीसच माणसे होती. सुमारे १,५०० माणसे गेली.

आता ऐकून आश्चर्य वाटेल अशी गोष्ट सांगते. होड्या कमी ठेवण्यात कायदा मोडला नव्हता. त्या वेळच्या इंग्रजी नियमाप्रमाणे १०,००० टनांवरील बोटीने १६ होड्या ठेवल्या की काम भागत असे. 'टायटॅनिक' सुमारे ४६,००० टनांची होती, आणि तिने नियमापेक्षा चार होड्या जास्तच ठेवल्या होत्या. नियम केला तेव्हा एवढ्या मोठ्या बोटी नव्हत्या. पुढे बोटी वाढल्या, पण नियम होता तिथेच राहिला. घरातील माणसे वाढावीत आणि चुलीवरचे भांडे तेच राहावे, तसा हा प्रकार.

स्त्रियांच्या सभेत आणखी एक हिशेब सांगितला पाहिजे. "बायका-मुले आधी" अशी त्या रात्री आज्ञा होती, हे आपण ऐकलेले आहे. परंतु पुढे इंग्लंडात चौकशी झाली, तीत असे दिसून आले की, पहिल्या वर्गाच्या १४४ बायकांपैकी १४० वाचल्या, दुसऱ्या वर्गाच्या ९३ पैकी ८०, आणि तिसऱ्या वर्गाच्या १६५ पैकी अवघ्या ७६. बाई ही बाईच. पण तिच्या हातात तिकीट कोणत्या वर्गाचे, यावर तिचा जीव ठरला.

दुसऱ्या वर्गातील ज्या १३ बायका वाचल्या नाहीत, त्यांपैकी एक आपल्या प्रांतातून गेलेली होती, हे मला वाचून कळले तेव्हा मी चकित झाले. तिचे नाव अ‍ॅनी फंक. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया भागातील मेनोनाइट पंथाची ही मिशनरी बाई १९०६ साली हिंदुस्थानात आली, आणि जांजगीर येथे तिने मुलींसाठी शाळा काढली. जांजगीर आज छत्तीसगडात आहे. पण त्या काळी ते मध्यप्रांतात होते, आणि १९०३ पासून आपल्या वऱ्हाडाचा कारभारही त्याच प्रांताबरोबर नागपुरातून चाले. म्हणजे एका अर्थी ती आणि आपल्या पणज्या एकाच सरकारी दप्तरात होत्या.

१९१२ साली तिला तार आली की आई आजारी आहे, निघून ये. ती आगगाडीने मुंबईस गेली. तिकडची गाडी नागपूर, वर्धा, बडनेरा अशीच मुंबईकडे जाते. मुंबईहून बोटीने आणि पुढे गाडीने ती इंग्लंडात पोहोचली. तिला पुढे 'हॅवरफोर्ड' नावाच्या बोटीने जावयाचे होते. पण तिकडे कोळशाच्या खाणीतील कामगारांचा संप झालेला, म्हणून ती बोट अडकून पडली. आई आजारी असलेल्या मुलीला कुठला धीर? थोडे पैसे वर भरून तिने 'टायटॅनिक'चे तिकीट घेतले. १२ एप्रिलला, बोटीवर असतानाच, तिला ३८ वर्षे पूर्ण झाली. त्यानंतर तिसऱ्या दिवशी ती गेली. होडीतील आपली जागा तिने दुसऱ्या बाईला दिली, असे तिच्या मंडळींत सांगत आले आहेत. तिची शाळा पुढे तिच्याच नावाने चालली.

भगिनींनो, या हकीकतीत मला 'हॅवरफोर्ड' या नावाने खिळवून ठेवले. 'टायटॅनिक' हे नाव आपल्या गल्लीतील पोरालाही ठाऊक आहे. 'हॅवरफोर्ड' हे नाव आज मी उच्चारीपर्यंत येथे कोणी ऐकले होते काय? बुडालेल्या बोटीचे नाव राहते. सुखरूप पोहोचलेली बोट कोणाच्या लक्षात राहत नाही. आणि त्या लहान मुलीच्या प्रश्नाचे खरे उत्तर येथेच कुठेतरी असावे, असे मला वाटू लागले.

कारण 'टायटॅनिक' बुडाली नसती तर काय झाले असते, हे पाहण्यास कल्पना लढविण्याची गरजच नाही. तिला एक थोरली बहीण होती, 'ऑलिम्पिक'. त्याच कारखान्यात, त्याच नमुन्यावर बांधलेली. ती जून १९११ पासून अमेरिकेच्या फेऱ्या करीत होती. तिच्यावरही होड्या तेवढ्याच, माणसेही सुमारे तेवढीच. प्रत्येक फेरीत शेकडो माणसे अशी असत की, बोट बुडाली तर त्यांना बसावयास होडी नाही. पण बोट बुडाली नाही. माणसे जेवली, गाणी ऐकली, उतरून घरी गेली. दहा महिने कोणाच्या मनातही आले नाही की आपण होड्या मोजाव्यात.

धाकटी बहीण बुडाली आणि मग घाईघाईने 'ऑलिम्पिक'वर जुन्या, घडीच्या कापडी होड्या चढविल्या गेल्या. २४ एप्रिल १९१२ रोजी ती निघणार, तोच तळघरात कोळसा घालणारे कामगार म्हणाले, या होड्या पाण्यात टिकण्यासारख्या नाहीत. आम्ही येत नाही. पावणेतीनशेच्या वर माणसे सामान घेऊन उतरून गेली. पुढे ५४ खलाशांवर हुकूम मोडल्याबद्दल खटला झाला. आरोप शाबीत धरला, पण घडलेला प्रसंग लक्षात घेऊन शिक्षा कोणालाच केली नाही. त्या 'ऑलिम्पिक'ने पुढे १९३५ पर्यंत सुखरूप चाकरी केली.

तेव्हा 'टायटॅनिक' त्या रात्री हिमनगाला चुकवून गेली असती, तर ती दुसरी 'ऑलिम्पिक' झाली असती. दोन्ही बहिणी होड्या कमी घेऊन फिरत राहिल्या असत्या, आणि केव्हातरी कोणतीतरी तिसरी बोट बुडाली असती. चूक तशीच पाण्यावर तरंगत राहिली असती, एवढेच.

चूक कोणाला दिसत नव्हती असेही नाही. विल्यम स्टेड नावाचे इंग्रज संपादक होते. इंग्लंडात मुलींचे संमतिवय १३ वरून १६ वर नेणारा कायदा १८८५ साली झाला, त्यामागे यांच्या लेखणीचा मोठा जोर होता. आपल्याकडे १८९१ साली संमतिवयाचा कायदा होताना केवढा गदारोळ उठला होता, हे येथील थोरल्या भगिनींनी वाचलेले असेल. म्हणून त्यांची ओळख या बाजूने करून दिली. याच स्टेड यांनी १८८६ साली आपल्या पत्रात एक गोष्ट लिहिली: एक मोठी टपालबोट दुसऱ्या जहाजावर आदळून बुडते, आणि होड्या अपुऱ्या असल्याने शेकडो माणसे मरतात. होड्यांवाचून बोटी समुद्रावर धाडाल तर हेच होईल, असे त्यांनी खाली बजावलेही होते. लोकांनी गोष्ट वाचली, घडी घालून पत्र बाजूला ठेवले. त्यानंतर २६ वर्षांनी 'टायटॅनिक'वर जे बुडाले त्यांत स्वतः स्टेड होते.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर भाषण एकांगी होईल. ही बोट बुडाली म्हणून जगाचे पुष्कळ भले झाले, असे आपण म्हणतो. ते खरे आहे. लंडनमध्ये तेरा देशांची परिषद भरली, आणि २० जानेवारी १९१४ रोजी करार झाला. प्रत्येक माणसाला होडीत जागा असावी. बिनतारी यंत्रावर रात्रंदिवस माणूस जागा असावा. हिमनगांवर पहारा असावा. 'टायटॅनिक'च्या जवळपास 'कॅलिफोर्नियन' नावाची बोट होती, पण तिचा बिनतारीवाला झोपी गेला होता. त्यावरून हे शहाणपण आले. पण त्याच वर्षी महायुद्ध पेटले आणि करार कागदावरच राहिला; तसा करार पुन्हा करावा लागला तो १९२९ साली.

शहाणपणही कधी घाईने घेतले तर अंगावर येते. अमेरिकेत शिकागो शहरी 'ईस्टलँड' नावाची सहलीची बोट होती. ती आधीच डोक्याने जड होती. 'टायटॅनिक'नंतर होड्या वाढविण्याचा कायदा झाला, म्हणून तिच्या माथ्यावर आणखी होड्या चढविल्या. २४ जुलै १९१५ रोजी सकाळी, धक्क्याला बांधलेली असतानाच, सहलीला निघालेल्या कामगारांच्या कुटुंबांसह ती कुशीवर पडली. ८४४ माणसे गेली. 'टायटॅनिक' बुडाली नसती तर कदाचित ही माणसे त्या संध्याकाळी घरी परतली असती. म्हणून म्हणते, 'असे झाले असते तर तसे झाले असते' याचा हिशेब सरळ रेघेत मांडता येत नाही. एक गाठ सोडवावी तर दुसरी पडते.

असो. परदेशातील बोटींविषयी फार झाले. आता आपल्या किनाऱ्यावर येऊ.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पहिली मोठी ठेच 'टायटॅनिक'च्या २४ वर्षे आधीच लागली होती. 'वैतरणा' नावाची आगबोट; विजेचे दिवे होते म्हणून लोक तिला 'वीजळी' म्हणत. नोव्हेंबर १८८८ मध्ये कच्छच्या मांडवीहून मुंबईस येताना ती वादळात सापडली आणि सातशेवर माणसांसह नाहीशी झाली. चौकशी झाली; जीव वाचविण्याची साधने पुरेशी नव्हती असे आढळले. मग नोव्हेंबर १९२७ मध्ये कोकण किनाऱ्यावर 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी एकाच दिवशी वादळात गेल्या. आणि मग आली १७ जुलै १९४७ ची सकाळ.

भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणारी 'रामदास' बोट. आपल्या माणसांची बोट म्हणून तिला संताचे नाव दिलेले. आषाढ संपत आला होता, दिव्यांची अवस आली होती. मुंबईत नोकरी-चाकरी करणारी माणसे घरी निघाली होती. बाजारकरी होते, गाठोडी घेतलेल्या बायका होत्या. प्रवास तो केवढा? नऊ-दहा मैलांचा. सकाळी आठच्या सुमारास बोट सुटली. पुढे वारा-पाऊस वाढला, काशाच्या खडकाजवळ मोठ्या लाटांनी बोटीला गाठले, घाबरलेली माणसे एका बाजूस धावली, बोट कलंडली आणि काही मिनिटांत दिसेनाशी झाली. सहाशेहून अधिक माणसे गेली.

आणि मुंबईला पत्ताच नाही. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. बंदरापासून हाकेच्या अंतरावर म्हणावे एवढ्या जवळ हा प्रकार घडला, आणि शहरास तो कळला दुपारी, पोहून निभावलेल्या माणसांच्या तोंडून. त्या सकाळी मदतीला धावले ते रेवसकडचे कोळी. मुंबईला मासळी घेऊन जाणाऱ्या त्यांच्या होड्या होत्या. त्यांनी मासळी पाण्यात लोटून माणसे वर घेतली, असे त्या किनाऱ्यावर आजही सांगतात. दिवसाची कमाई समुद्रात टाकताना त्यांनी कोणाच्या हुकुमाची वाट पाहिली नाही.

भगिनींनो, 'टायटॅनिक' १९१२ साली बुडाली. 'रामदास' १९४७ साली. मध्ये ३५ वर्षे गेली. बिनतारी यंत्र असावे, त्यावर माणूस जागा असावा, हे शहाणपण जगाने पंधराशे जीव देऊन विकत घेतले होते. पण तो करार एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या मोठ्या बोटींसाठी होता. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या गरीब उतारूंपर्यंत तो उतरला नाही. शहाणपणालाही पहिला, दुसरा आणि तिसरा वर्ग असतो, असे मला हे वाचताना वाटले.

'रामदास' बुडाली नसती तर? इतिहासाच्या पुस्तकातील एक ओळही बदलली नसती. स्वराज्य आले ते त्याच दिवशी आले असते. बोट दीड-दोन तासांत रेवसला लागली असती, बायकांनी गाठोडी डोक्यावर घेतली असती, घरी जाऊन दिवे घासले असते, कणकेचे दिवे उकडले असते. एवढेच. पण तेथून मोजून २९ दिवसांनी १५ ऑगस्ट होता. सहाशे माणसांनी आपल्या गावात झेंडा चढताना पाहिला असता. जन्मभर ज्याची वाट पाहिली ते एक महिन्यावर आले असता ती माणसे गेली. त्या मुलीने मला 'एवढंच?' असे विचारले होते ना? होय, एवढेच, पण ज्या घरातील माणूस गेले, त्या घराला हे 'एवढेच' आभाळाएवढे आहे.

आता मी स्वतःविषयी थोडे बोलते. हे बोलण्यासाठीच खरे तर मी हा विषय घेतला.

काही वर्षांपूर्वी आपली सहल गेली होती. गावाचे नाव सांगत नाही. देवदर्शन झाले, आणि परतताना एका तळ्याच्या काठी आपण थांबलो. तेथे नाव होती. खजिनदार मी. पैसे माझ्या पिशवीत. नावाडी म्हणाला, दोन फेऱ्या कराव्या लागतील. मी मनाशी हिशेब केला: दोन फेऱ्यांचे भाडे दुप्पट, शिवाय उशीर. मी म्हणाले, "अहो, आम्ही काही जाड नाही, बसू दाटीवाटीने." तो हो-ना करीत होता. मीच दोघीतिघींना हात धरून आत ओढले. नाव पाण्याच्या काठाला लागलेली. बुडत्याला धरावयास त्या नावेत काही नव्हते. ते आहे की नाही, हे मी पाहिलेही नव्हते.

आपल्यातील एक ज्येष्ठ भगिनी, ज्यांना आपण सर्व काकू म्हणतो, त्या काठावरच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मी नाही बसत वो त्या डोंग्यात. तुम्ही या फिरून, मी चपला राखतो." आम्ही हसलो. कोणी म्हणाले काकू भित्र्या, कोणी म्हणाले काकूंना पाण्याची सवय नाही. आम्ही फिरून आलो, फोटो काढले, मी भाड्यात वाचलेल्या पैशांचा सर्वांना चहा दिला. त्या वर्षीच्या अहवालात मी लिहिले: सहल आनंदात पार पडली. आणि पुढे वर्षभर, हळदीकुंकवाला काकू आल्या की, कोणीतरी "काकू, चपला राखता का?" असे म्हणे, आणि सगळ्या हसत. मीही हसत असे.

१४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्यात वरुडजवळ झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटली. दुःखाच्या विधीसाठी जमलेले नातेवाईक होते ते. एकाच कुटुंबातील ११ माणसे गेली. वर्धा म्हणजे आपल्याच जिल्ह्याच्या कडेने वाहणारी नदी. ती बातमी मी वाचली, आणि माझ्या डोळ्यांपुढे आपली ती नाव आली. पाणी काठाला लागलेले आले. मी आत ओढलेले हात आले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आमची नाव बुडाली नाही. म्हणूनच आम्ही काही शिकलो नाही. उलट जी एकटी शहाणपणाने वागली, तिला आम्ही वर्षभर हसलो. 'ऑलिम्पिक'वर कोळसा घालणाऱ्या माणसांनी जे केले, तेच काकूंनी केले होते. आणि त्यांच्यावर तर कोणी खटलाही भरला नव्हता, आम्हीच भरला. काकू आज समोर बसल्या आहेत. काकू, या भरल्या सभेत मी तुमची क्षमा मागते. अहवालात मी लिहिले ते खोटे नव्हते, पण पुरते खरेही नव्हते. सहल आनंदात पार पडली ती नशिबाने. खजिनदाराच्या शहाणपणाने नव्हे.

१८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान नौका आदळली. १५ माणसे गेली. त्यानंतर प्रत्येक उतारूच्या अंगात जीवरक्षक जाकीट असलेच पाहिजे, अशी ताकीद झाली. जाकिटे तरंगतात, हे कोणाला ठाऊक नव्हते काय? पण आदल्या दिवसापर्यंत बोटी सुखरूप पोहोचत होत्या ना.

म्हणून त्या लहान मुलीला आज मी माझे उत्तर देते. बाळ, बोट बुडाली नसती तर माणसे वाचली असती; पण चूकही वाचली असती. चूक मरावी आणि माणूस वाचावा, असे व्हावयाचे असेल तर त्याला एकच वाट आहे: बोट सुटण्यापूर्वी कोणीतरी होड्या मोजाव्या लागतात. मोजणाऱ्याचे नाव इतिहासात येत नाही, कारण त्याने मोजले म्हणून काही घडतच नाही. लोक त्याला भित्रा म्हणतात. तेवढे ऐकून घेण्याची तयारी हवी.

आपल्याला आगबोटी मोजावयाच्या नाहीत. पण मुलांना शाळेत नेणारी गाडी आपल्या दारात उभी राहते. तीत किती मुले कोंबली आहेत हे आपल्याला दिसते, आणि "रोजच तर जाते" म्हणून आपण हात हलवून निरोप देतो. माहूरच्या यात्रेला जाणाऱ्या जीपच्या मागे लोंबकळणारी माणसे आपलीच असतात. पोळ्याच्या, गणपतीच्या दिवसांत पूसेच्या पाण्यात पोरे उतरतात. या प्रत्येक ठिकाणी रोज काहीही घडत नाही. आणि तेच तर भय आहे.

तेव्हा मंडळापुढे माझी एक सूचना आहे. यापुढे सहलीचा खर्च धरताना भाड्याच्या दोन फेऱ्या आधीच धरून चालावे. प्रत्येक सहलीत एका भगिनीकडे एवढेच काम द्यावे की तिने गाडीत किंवा नावेत चढण्यापूर्वी जागा मोजाव्यात, माणसे मोजावीत. आणि ती 'नाही' म्हणाली तर खजिनदारानेही तिचे ऐकावे. हे काम पहिल्या वर्षी काकूंना द्यावे, अशी माझी विनंती आहे.

माझे बोलणे लांबले.  यंदाच्या दिव्यांच्या अवसेला आपण दिवे घासू, तेव्हा एक दिवा रेवसच्या वाटेवर गेलेल्या त्या माणसांसाठी लावावा, एवढे मागून मी आपली रजा घेते.